हार्डवेअरवाल्याची नजर

आमचे हे हार्डवेअरचे दुकानदार. लांबून बिजागरी बघून तिचा इंच सांगणार, बायकोचा नवा चष्मा मात्र चार दिवसांनी दिसणार. असा हा नजरेचा बादशहा गेल्या वर्षी मेंदूत गाठ झाली म्हणून दवाखान्यात गेला, ऑपरेशन करून धडधाकट घरी आला आणि सकाळी कंगव्याला पेस्ट लावायला लागला.

डॉक्टर म्हणाले, "डोळे ठणठणीत आहेत. पण दिसलेली वस्तू जुन्या आठवणींशी ताडून हा ब्रश, हा कंगवा असं ठरवायचं काम मेंदूचं. तिथेच दुखापत झालीय." म्हणजे गोदामात माल जागच्या जागी, फक्त डोळ्यांची चिठ्ठी तिथवर पोचत नाही. हात लावला, आवाज ऐकला की सगळं आठवतं.

"आणि माणसं?" मी विचारलं.

"चेहऱ्यांचं आत्ताच सांगता येत नाही. घरी बघा."

वा. फी त्यांनी घ्यायची, तपासणी मी करायची.

ह्यांनी तर काही थांगपत्ताच लागू दिला नाही. मी खोलीत पाऊल टाकायच्या आधीच बडबडते, ते त्यांच्या पथ्यावरच पडलं. दुकान पुन्हा सुरू झालं. गिऱ्हाईक तोंडाने मागायचं, हे खोकी चाचपून अचूक माल काढायचे. कुणी मोडकी कडी नमुन्याला आणली की तळहातावर फिरवून बघायचे. लोक म्हणायचे, काय पारख आहे.

मला मात्र घास गोड लागत नव्हता. माझा चेहरा ह्यांना ओळखू येतो की नाही, एवढंच मला कळायला हवं होतं. शेवटी एका दुपारी काउंटरसमोर जाऊन उभी राहिले. तोंडाला कुलूप. ते मला केवढं जड गेलं, शेजारणीला विचारा.

ह्यांनी मान वर करून थेट माझ्याकडे पाहिलं. हसले. "या बाई, बसा. उन्हातून आलात? पाणी देऊ?" आणि स्वतः उठून स्टूल पुसलं.

अख्ख्या संसारात एवढं गोड माझ्या वाट्याला आलं नव्हतं. मला रडू फुटलं.

"बाई, बरं वाटत नाही का?"

"मला काय धाड भरलीय?" मी म्हणाले.

लगेच कपाळावर आठी. "तू होय? मग आधी बोलायला काय झालं होतं?"

मी पदराने नाक पुसलं. तेव्हा त्यांना कळलं, मी कशाला आले होते ते. फडकं हातातच राहिलं. बराच वेळ ते त्याची घडी घालत बसले.

"बोलत जा," खाली बघत म्हणाले. "गप्प बसलीस की सापडत नाहीस मला."