व्हर्नाने पुसलेली सीट

व्हर्ना हॅवरिलक शाळेची पिवळी बस चालवायची. कॅनडातल्या सस्कॅचेवानच्या त्या सपाट मुलखात सकाळी आधी शेतांवरची गोरी मुलं चढायची, मग क्री आदिवासींच्या वस्तीवरून एकटी शार्लीन मूस्टूस. वस्तीची बाकीची मुलं तिथल्याच शाळेत जात. शार्लीनच्या आजीने मात्र हट्टाने नातीला गावातल्या शाळेत घातलं होतं.

व्हर्ना वाईट बाई नव्हती. युक्रेनी शेतकऱ्याची पोर. लहानपणी तिच्या डब्यातल्या लसणीच्या सॉसेजचा वास येतो म्हणून वर्गातल्या मुलींनी तिला दूर बसवलं होतं. डबा ती तबेल्यात, घोड्यांपाशी खायची. नवरा गेल्यापासून तिला एकच धास्ती होती. आपल्या लेकीवर, जनेलवर, ती वेळ येऊ नये.

त्या हिवाळ्यात बसमध्ये एक खेळ सुरू झाला. शार्लीनचा हात लागला की किडे लागायचे. ज्याला लागले त्याने दुसऱ्याला शिवून ते देऊन टाकायचे. बोटांत बोटं अडकवून ‘मला कुलूप’ म्हटलं की सुटका. शार्लीन खिडकीला चिकटून बसायची, तरी कोणीतरी कोणाला तिच्या अंगावर ढकलायचंच.

व्हर्नाने तिला आपल्या पाठीमागची सीट देऊन टाकली. “इथं बसत जा गं बाळा. माझं लक्ष राहील.”

बस शांत झाली. व्हर्नाने बहिणीला फोनवर कौतुकाने सांगितलं. पण आता किड्यांना पत्ता मिळाला होता. त्या सीटपाशी आलं की पोरं श्वास रोखून, बाह्या आखडून पुढे सरकायची.

एके दिवशी शार्लीन आजारी होती. बस भरलेली, दोघं-तिघं उभे, तरी ती सीट रिकामीच. जनेलचे पाय दुखत होते. ती जाऊन बसली. आईचीच तर बस.

मधल्या सुट्टीपर्यंत जनेलला किडे लागले होते. तिच्या टेबलावरून मुली उठल्या. बसमधल्या डॅरिलच्या बहिणीने दिलेलं वाढदिवसाचं आमंत्रण परत मागून घेतलं. जनेलने जेवण टाकलं.

“आई, तू सांग ना त्यांना, मी बसलेच नव्हते म्हणून.”

“सगळ्यांनी पाहिलंय गं.”

“मग माझे किडे काढ.”

लेकीचं तोंड पाहून व्हर्नाला तबेला आठवला. अशा वेळी आईला दुसऱ्याचं लेकरू दिसत नाही. समोर असलं तरी दिसत नाही.

दुसऱ्या दिवशी वस्तीवरून शार्लीन चढली. व्हर्नाने बस तिथेच थांबवून ठेवली. बादलीत ब्लीच होतं. “शार्लीन, जरा उभी राहा.” शार्लीन उभी राहिली. व्हर्नाने ती सीट, पाठ, दांडा खसाखसा घासला. मग जनेलला बोलावून सगळ्यांसमोर तिचे हात पुसले.

“झालं. आता कोणाला काही नाही. मिटला विषय.”

मागून डॅरिल म्हणाला, “म्हणजे आधी होतं.”

व्हर्नाने बादली उचलून बाजूला ठेवली. दार उघडंच होतं आणि बाहेरचा गारठा आत शिरत होता. शार्लीन ओल्या सीटवर बसली. शाळा येईस्तोवर तिची पँट सीटला चिकटली होती, हे उतरताना सगळ्या बसने पाहिलं. हसणाऱ्यांत जनेलही होती.

तेव्हापासून रोज विचारणा व्हायची. “मिसेस एच, आज पुसलं?” न पुसावं तर पोरं जागेवर बसेनात. व्हर्ना पुसू लागली. मग फडकं जनेलकडे गेलं, आणि त्याबरोबर मानही आला. कुठे डाग राहिला, कोणाचा हात लागला, याचा निवाडा जनेल करायची. मुली तिच्याशेजारी बसायला भांडू लागल्या. आमंत्रण आलं. व्हर्ना त्या रात्री कितीतरी दिवसांनी स्वस्थ झोपली.

पुढच्या सप्टेंबरात शाळा उघडली तेव्हा शार्लीनबरोबर तिची धाकटी बहीण लोर्ना पहिल्यांदाच बसमध्ये चढली. नवे बूट, दोन वेण्या. चढताच तिने दांड्याला हात घातला.

शार्लीनने तो हळूच सोडवला. “हात खिशात. आधी ती पुसेल, मग आपण बसायचं.”

“का?”

“असंच असतं.”

लोर्नाने हात खिशात घातले आणि ताठ उभी राहिली. जनेल फडकं घेऊन आली.

“शहाणी आहे गं,” व्हर्ना आरशातून लोर्नाकडे बघत म्हणाली, आणि तिने गिअर टाकला.