पाणी मागत पाहिलेलं यवतमाळ

यवतमाळशेजारच्या लोहाऱ्यात, एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत मला नोकरी लागली आणि आईला यवतमाळला सोबत न्यायचं मी ठरवून टाकलं. ठरवलं मी; आई कुठे ठरवत होती! बाबा गेल्यापासून ती दारव्ह्याजवळच्या आमच्या खेड्यात एकटीच होती. "आधी शयर पाह्यतो, मंग सांगतो," एवढंच म्हणाली. ती नाही म्हणाली असती तर मी काय केलं असतं, कोण जाणे. तिच्याशिवाय मला करमत नाही, हे तिला सांगायची हिंमत मात्र मला कधी झाली नव्हती.

मार्च सरत आला होता. जीपमधून उतरलो तेव्हा सकाळी दहालाच ऊन मी म्हणत होतं. शहर दाखवायचं आणि भाड्याचं घरही शोधायचं, म्हणून आम्ही पायीच निघालो. पहिल्याच नव्या कॉलनीत आईनं एका अनोळखी दाराची कडी वाजवली आणि चक्क पाणी मागितलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"अगं, बाटली आहे ना पिशवीत!"

"बाटलीतल्या पान्यानं गाव कसं समजन?"

मग प्रत्येक वस्तीत तेच. त्या कॉलनीतल्या बाईनं दारातूनच चौकीदाराच्या नळाकडे बोट दाखवलं. जुन्या वस्तीत एका गॅरेजवाल्याच्या बायकोनं माठातलं थंडगार पाणी दिलं आणि "बैठो ना अम्मा" म्हणत पंखा आमच्याकडे वळवला. ती हिंदीत, आई वऱ्हाडीत, असा दोघींचा अर्धा तास रंगला. मी घड्याळ बघत होते. मी मनात धरलेलं घर पुढच्या गल्लीत होतं.

घर खरंच छान होतं. वरच्या मजल्यावर दोन खोल्या, गच्ची, समोर कडुलिंब. घरमालकीणबाई हसऱ्या. त्यांनी न मागताच पाणी आणलं, सोबत गूळ. गाव कोणतं, नोकरी कुठे, सगळी विचारपूस झाली. मग त्यांनी अगदी सहज विचारलं, "आडनाव काय तुमचं?"

आम्ही बौद्ध. आमचं आडनाव ऐकलं की लोकांना पुढचं सगळं कळतं. मी म्हणाले, "माझी ड्यूटी सकाळची असते, तुम्हाला काही त्रास होणार नाही." आईनं ओठांजवळ नेलेला पेला तसाच खाली ठेवला. संध्याकाळपर्यंत कळवते, असं सांगून मी तिला घेऊन निघाले.

जवळच्या बगीच्यात आम्ही भाकर सोडली. आईनं चपला काढून गवतात पाय पसरले. घसरगुंडीचा पत्रा तापला होता. पोरं चटका बसला म्हणून ओरडायची आणि पुन्हा वर चढायची. आई त्यांच्याकडे बघून हसली. मला वाटलं, चला, विषय टळला.

"आडनाव काहून गिळलं वं?"

"आई, हातचं घर गेलं असतं."

"माह्या मायच्या ओंजळीत लोक वरून पानी टाकत. ते लोकायनं केलं. आज त्या बाईनं हातात पेला देल्ला, अन् तूच हात आखडला."

मला राग आला, तोही तिचाच. घर शोधताना काय काय ऐकावं लागतं हे तुला काय ठाऊक, असं बरंच काही मी बोलून गेले. ती भाकरीचा तुकडा माझ्यापुढे धरून बसली. तो तोंडात घातला आणि मला रडूच फुटलं.

चार वाजता मी त्या घरी परत गेले. आई गल्लीच्या तोंडाशी थांबली. मी आडनाव सांगितलं, बौद्ध आहोत हेही सांगितलं. बाईंनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं. "यांना विचारून फोन करते," म्हणाल्या. माझा नंबर मात्र त्यांनी विचारला नाही. गल्लीच्या तोंडाशी येऊन मी आईला सगळं सांगितलं.

 परतीच्या जीपमध्ये अर्ध्या वाटेत मी म्हणाले, "एवढं फिरलो, पण घर काही मिळालं नाही."

"भेटन ना. पुढच्या हप्त्यात पुन्हा पाहू. मी येतोच हाय तुह्याजवळ."

मला खरं वाटेना. "शहर पसंत पडलं?"

"शयराचं सोड," आई म्हणाली. "मले येकच भेव होतं, तुह्या घरी मले लपून राहा लागन म्हणून. आता नाही लागत."