डोळ्याला चालतील अशा बातम्या

माझ्या बायकोच्या मोतीबिंदूमुळे कळंबच्या चिंतामणीच्या देवळाबाहेर एकदा वाहतूक खोळंबली. मोतीबिंदू झाला की माणसाला समोरचं दिसत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. आमच्या मोतीबिंदूमुळे मात्र अख्ख्या गावाला नसलेलं दिसायला लागलं, आणि ते दाखवणारा मी होतो.

आधी बायकोबद्दल सांगतो. तिचं नाव कुंदा. आम्ही यवतमाळला राहतो. मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालो. कुंदा अजून कशातूनच निवृत्त झालेली नाही. रोज सकाळी मोबाईल जवळजवळ नाकाला टेकवून ती जगभरातल्या अजब बातम्या गोळा करायची. कुठे यंत्रमानवानं लग्न लावलं, कोणत्या हिरोनं डोक्यावर नवे केस पेरून घेतले, कोणत्या पुढाऱ्याची खुर्ची भाषण चालू असताना मोडली. मग दहा वाजता नेरला धाकट्या बहिणीला, म्हणजे बेबीला, फोन. बेबीकडून हा माल तिच्या भिशीच्या बायकांकडे जायचा आणि दुपारच्या चहापर्यंत नेरमध्ये घरोघरी पोचलेला असायचा.

अशा बाईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. तेही उजव्या डोळ्याचं. डावा डोळा लहानपणापासून अधू, म्हणजे जे काही होतं ते या एकाच डोळ्यावर होतं. डॉक्टरांनी पुढचे काही आठवडे काय काय करायचं नाही ते सांगितलं. वाकायचं नाही, डोळा चोळायचा नाही, मोबाईल बघायचा नाही.

"आणि काकू, रडायचं अजिबात नाही," ते म्हणाले. "रडलं की हात डोळ्याकडे जातो."

"आणि हसलं तर?" मी विचारलं.

"हसा की! पण बेतानं."

रडायचं नाही, हे ऐकायला सोपं वाटतं. पण कुंदा सिमेंटच्या जाहिरातीतला म्हातारा बघूनही रडते! (त्या जाहिरातीत म्हाताऱ्याला काहीही होत नाही. उलट त्याचं घर पक्कं होतं.) आता मोबाईल बंद म्हटल्यावर बातम्या वाचून दाखवायचं काम माझ्याकडे आलं. पहिल्या दिवशी मी चष्मा पुसून, घसा खाकरून पेपर उघडला.

"कुठल्याशा प्राणिसंग्रहालयात म्हातारा हत्ती वारला. त्याच्या माहुतानं दोन दिवस..."

"जेवला नाही?" कुंदाची हनुवटी थरथरायला लागली.

मी घाईनं पान उलटलं. "सिनेमातलं एक गाजलेलं जोडपं वेगळं झालं."

"अवं माय! अन् लेकरं कोणाजवळ राहतीन?"

हात काळ्या चष्म्याकडे निघाला. मी तो वरच्यावर पकडला. हा एक डोळा गेला तर हिच्या जगात काय उरणार, आणि हिच्याशिवाय माझ्या जगात तरी काय? मी पेपरभर नजर फिरवली. अपघात, पूर, भांडणं, तेरावा. डोळ्याला चालेल अशी एक बातमी सापडेल तर शपथ! शेवटी मी पेपर तोंडासमोर धरला आणि जे सुचेल ते वाचायला सुरुवात केली.

"परदेशात एका लग्नात यंत्रमानवांनी पंगत वाढली. पण ते आग्रह करत नाहीत म्हणून वऱ्हाडी रुसून उठले."

कुंदाचा हात खाली आला. "बरोबरच आहे त्यांचं. अन् मग?"

"मग काय... कंपनीनं माफी मागितली. आता नवीन यंत्रमानव 'अजून एक घ्याच' असं तीनदा म्हणणार आहे."

ती हसली. बेतानं हसली. मला एकदम नोकरीत बढती मिळाल्यासारखं वाटलं.

मग काय विचारता! रोज सकाळी मी पेपर उघडायचो आणि त्यात जे नाही ते वाचायचो. कृत्रिम बुद्धिमत्तेला शास्त्रज्ञांनी बेसनाच्या पातोडीच्या झणझणीत रश्श्याचा नुसता वास दिला, तर ती दिवसभर दुसरं कामच करेना. मारामाऱ्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या एका हिरोला घरी झुरळ दिसलं, तर तो सोफ्यावर चढून बसला. दोन शेजारी देशांचे प्रमुख चर्चेला बसले, वीज गेली, अंधारात कोण काय बोललं ते कळेना, म्हणून समेट झाला. कुंदा ऐकून खूश, दहाच्या फोनवर बेबी खूश, नेर खूश. मला तर वाटायला लागलं की उगाच पाटबंधाऱ्यात आयुष्य घालवलं.

आणि मग मी ती बातमी वाचली.

त्या दिवशी मला काही सुचत नव्हतं. समोर कुंदा बसली होती, अंगावर साधी सुती साडी, डोक्यावर पदर, डोळ्यांवर तो भलामोठा काळा चष्मा. ते बघून माझ्या तोंडून निघून गेलं, "आपल्या लग्नाच्या वेळची ती हिरोइन आठवते ना? सिनेमा सोडलेली? ती म्हणे येत्या मंगळवारी कळंबला गणपतीच्या दर्शनाला येणार आहे. गुपचूप. साधी साडी, डोक्यावर पदर, काळा चष्मा. कोणी ओळखू नये म्हणून." (हिरोइनीचं नाव लिहीत नाही. त्या बाईंना यातलं काहीच माहीत नाही, आणि तसंच राहू द्यावं.)

"अवो! माझी आवडती!" कुंदा म्हणाली आणि चाचपडत फोनकडे गेली.

दोन दिवसांनी शेजारचे सलीमभाई आले. त्यांचं कूलर-मिक्सर दुरुस्तीचं दुकान आहे, आणि माणूस असा की बोलावण्याआधी मदतीला येतो.

"भाऊ, ऐकलं का? वो हिरोइन कळंबले येऊन राह्यली! खबर एकदम पक्की. पांढरी गाडी, काचेले पडदे."

"पांढरी गाडी कोणी सांगितली?" मी चमकून विचारलं. मी गाडी वाचलीच नव्हती!

"नेरहून आली ना खबर!"

माझी बातमी नेरला जाऊन, वाटेत गाडी घेऊन, माझ्याच दारात परत आली होती. मी ताबडतोब बेबीला फोन लावला.

"बेबी, ते कळंबचं रद्द झालं. आजच्या पेपरात आलं आहे."

"भाऊजी, मोठे लोक असंच सांगतात," बेबी म्हणाली. "गर्दी नको म्हणून. म्हणजे नक्कीच येते ती! आमी भिशीच्या साऱ्या जणींनं जीप ठरवली. अन् कुंदेले आणजा."

मी कुंदाकडे पाहिलं. चेहरा असा की आता नाही म्हटलं तर रडणारच. मी डॉक्टरांना फोन केला. मनात आशा होती की ते ओरडतील. ते म्हणाले, "जा की. फक्त धूळ आणि ऊन लागू देऊ नका." आजकालच्या डॉक्टरांचा काही भरवसा नाही.

मंगळवारी सलीमभाई त्यांची जुनी गाडी घेऊन दारात हजर. गाडी पांढरी. काचांना आतून नवेकोरे पडदे!

"भाभीच्या डोळ्याले ऊन नको लागायले," ते म्हणाले. "काल रात्री बेगमनं शिवले."

कुंदा डोक्यावर पदर घेऊन मागे बसली. धुळीसाठी तिनं नाकातोंडावर रुमालही बांधला. वाटेत मी एकच गोष्ट घोकत होतो, की कोणी नसेलच. कामाचा दिवस आहे, कोण येतं?

देवळासमोर जत्रा भरली होती. बायका, पोरं, शेवचिवड्याची गाडी, फुगेवाला. आमची गाडी थांबली आणि सगळं एकदम गप्प झालं. सलीमभाई उतरले, धावत मागे आले आणि त्यांनी अदबीनं दार उघडलं. कुंदा उतरली.

"आली!" कोणीतरी किंचाळलं.

मी वळून मागे पाहिलं! (देवाशप्पथ. बातमी माझीच, पण क्षणभर मलाही वाटलं की ती खरंच आली.) वळेपर्यंत गर्दी आमच्याभोवती होती. हार काय, नारळ काय, मोबाईल काय! मी हात पसरून कुंदाच्या पुढे उभा राहिलो.

"दूर व्हा! धक्का लागला नाही पाहिजे! फ्लॅश मारायचा नाही, डोळ्याला त्रास होतो हिच्या!"

"पाहा, म्हणे फ्लॅश नाही मारायचा! पक्की हिरोइन आहे!"

"अहो ही माझी बायको आहे!" मी ओरडलो.

"बॉडीगार्डले असंच शिकवून ठेवते," एक म्हातारबाबा आपल्या नातवाला समजावून सांगत होते. "पण याच्यापेक्षा तगडा ठेवायले पाह्यजे होता."

रस्त्यावर एसटी थांबली. ड्रायव्हर उतरला, त्याच्यामागे कंडक्टर, त्याच्यामागे सगळे प्रवासी. आणि कुंदानं काय करावं? तिनं चारी दिशांना वळून हात जोडले! टाळ्या पडल्या. तेवढ्यात गर्दीच्या मागून ओळखीचा आवाज आला.

"सरका! मले पाहू द्या! मॅडम, नेरहून आली मी! एकच फोटो!" कोपरं मारत बेबी पुढे पोचली, मॅडमच्या गळ्यात पडली, चष्म्याच्या वरचं कपाळ तिनं जवळून पाहिलं आणि तिचा आ वासला. "अवं बाई! कुंदे, तू?"

"मॅडमची बहीण आहे ही!" गर्दीत लाट उठली. "सख्खी बहीण! नेरले राह्यते!"

बेबीनं तोंड उघडलं. मग विचार करून मिटलं. मग पदर सारखा केला आणि म्हणाली, "हो. लहानी."

सगळे मोबाईल तिच्याकडे वळले. त्या रेट्यात कुंदाला धक्का बसला. चष्मा तिरका झाला, तिनं दोन्ही हात चेहऱ्यावर घेतले, आणि चष्म्याखालून पाणी रुमालावर उतरताना मी पाहिलं. मला बाकी काहीच दिसेना. मी तिला ओढत गाडीत नेलं, पडदे लावले. खिशातून औषधाची बाटली काढली.

"कुंदा, दुखून राह्यलं का वं? काय लागलं? दिसते का तुले? सांग ना!"

तिचे नुसते खांदे हलत होते. मग तिनं रुमाल खाली केला.

"हसून राह्यली ना मी," ती कशीबशी म्हणाली. "बेतानंच."

मी सीटवर बसून राहिलो. औषधाचे थेंब तिनंच माझ्या हातून बाटली घेऊन टाकले. बाहेर सगळी गर्दी बेबीच्या मागे गेली होती. मॅडमला लहानपणी काय आवडायचं ते बेबी सविस्तर सांगत होती. आम्ही दोघं हळूच पायऱ्या उतरून जमिनीखालच्या गाभाऱ्यात गेलो. मी चिंतामणीसमोर हात जोडले आणि मनात म्हटलं, हिचा डोळा राहू दे, उद्यापासून एकही बातमी बनवणार नाही.

परत येताना मी सगळं कबूल करायचं ठरवलं. "कुंदा, ती हिरोइनीची बातमी..."

"खोटी होती. अन् तो हत्ती अन् ते जोडपं सोडलं तर साऱ्याच खोट्या होत्या. मले दोन-चार दिवसांतच समजलं."

"कसं काय?"

"तुमच्या बातम्यांत कोणी मरतच नव्हतं," ती म्हणाली.

समोर सलीमभाई एकदम आरसा पुसायला लागले.

"मग कळंबले काहून आली?"

"तुम्ही कसं निस्तरता ते पाह्यचं होतं. मस्त निस्तरलं."

"अन् आधी बोलली काहून नाही?"

कुंदानं पडद्याकडे तोंड वळवलं. मग म्हणाली, "लग्न झाल्यापासून तुम्ही रोज सकाळी उठून माझ्यासाठी काही बनवलं, ते हेच. साधा चहा नाही बनवला कधी. मी बंद कायले करू सांगा?"

मी चष्मा काढून डोळे पुसले. ऑपरेशन माझं झालं नव्हतं म्हणून बरं, नाहीतर डॉक्टर मला ओरडले असते.

पुढच्या तपासणीत डॉक्टर म्हणाले की डोळा अगदी छान आहे. घरी येताच कुंदानं टीव्ही लावला, थोडा वेळ खऱ्या बातम्या पाहिल्या आणि बंद केला. "तुमच्याकडे काय आहे?" तिनं विचारलं. देवाला दिलेला शब्द मी तिच्यापासून लपवला. गणपती समजून घेईल. त्यालाही त्या मंगळवारी गर्दी मिळालीच होती.

पण तिचं ते चहाचं बोलणं माझ्या मनात राहिलं होतं. दुसऱ्या दिवशी मी तिच्या आधी उठलो. मूठभर आलं कुटलं, साखर शोधली, पातेलं दोनदा उतू जाऊ दिलं आणि आयुष्यातला पहिला चहा कपात घालून तिच्या हातात दिला. तिनं एक घोट घेतला. तिच्या नव्या डोळ्यात टचकन पाणी आलं.

"काय झालं?" मी घाबरून विचारलं. "रडून राह्यली का? मन भरून आलं?"

"नाही," तिनं कप खाली ठेवला. "तुम्ही आपल्या बातम्याच बनवत जा."