चिंचेने घासलेली रोमन नाणी

ऐंशीच्या दशकात मी पुण्याहून मिशिगनला प्राचीन इतिहास शिकायला गेले, तेव्हा वर्गात आणखी एक मराठी मुलगी होती आणि ती पहिल्या दिवसापासून माझ्या डोळ्यांत खुपायची. ती तिथेच जन्मलेली, वडील डेट्रॉइटजवळ मोटारींच्या कारखान्यात इंजिनिअर. लॅटिन ती शाळेतच शिकून आली होती. मी चोविसाव्या वर्षी रूपं घोकत बसले होते. मी मराठीत विचारलं तरी ती इंग्रजीत उत्तर द्यायची, वर मला ताई म्हणायची. सरांशी हसून बोलायला लागली की माझा नुसता जळफळाट व्हायचा.

त्या उन्हाळ्यात सर आमच्यापैकी एकीलाच उत्खननाला नेणार होते. त्याआधी त्यांनी एका मडक्यात सापडलेली, व्यापाऱ्याकडून विकत आलेली रोमन नाणी आम्हा दोघींना अर्धी अर्धी वाटून दिली, बंद पाकिटांत, स्वतः न बघताच. कोणतं नाणं कुठल्या राजाचं, याची यादी करायची होती. साम्राज्याच्या कडेच्या एका खेड्यातली तांब्याची चिल्लर, वर हिरवा थर चढलेला. ती किती झिजली आहे त्यावरून गावात बाजार भरत होता की नाही हे कळतं, असं सर सांगायचे.

माझ्या निम्म्या नाण्यांवरचा राजा ओळखूच येईना. शेजारी तिची यादी मात्र भराभर वाढत होती. एका शनिवारी दुपारी, तळघरातल्या अभ्यासिकेत कुणी नसताना, मी डब्यातून भिजवलेली चिंच नेली आणि घरची पूजेची भांडी घासावीत तशी सगळी नाणी घासली. राजे लख्ख दिसले. संध्याकाळपर्यंत माझी यादी पूर्ण झाली.

सोमवारी तिने सरांना भिंगातून दाखवलं. तिच्या नाण्यांवरच्या हिरव्या थरात जाड्याभरड्या कापडाची वीण उमटली होती. तिचं म्हणणं, मडक्यात ही नाणी वेळोवेळी टाकलेली नव्हती. कुणीतरी घरातली सगळी चिल्लर एका पुरचुंडीत बांधून घाईने पुरली होती. माझ्या नाण्यांवरही ठसे असते तर मुद्दा पक्का झाला असता. सरांनी माझा ट्रे ओढला. विकणाऱ्याने घासून टाकलेली दिसतात, म्हणून ते हळहळले. मी मान डोलावली.

अर्धवट पुराव्यावर काही म्हणता येत नाही, असं सर तिला म्हणाले. यादी माझीच पुरी होती म्हणून निवड माझी झाली.

सर गेल्यावर तिने माझं एक नाणं उचललं, ते गुलाबीसर तांबं खिडकीपाशी धरलं, आणि प्रथमच माझ्याशी मराठीत बोलली.

"ताई, माझी आई पण देव चिंचेनेच घासते."

तिने कुणाला काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर बरं झालं असतं, मला तिचा राग तरी धरता आला असता. उत्खननात मी दोन महिने माती चाळली. हाती आलेलं प्रत्येक नाणं धुण्याआधी भिंगाखाली धरायचे. वीण मला कुठेच दिसली नाही, आणि दर वेळी वाटायचं, तिला दिसली असती.