शुक्रवारचा ओढा

बाबा गेल्याची बातमी मला हिंदीतून कळली. पाचवा तास चालू होता, चौथीच्या मुलांना मी भागाकार शिकवत होते आणि टेबलावरचा फोन थरथरत होता. अनोळखी नंबर म्हणून दोनदा सोडून दिला. तिसऱ्यांदा वर्गाबाहेर येऊन उचलला. "आप संगीता मॅडम ना? मैं सलीम बोल रहा हूँ, शेलार से. आपके पिताजी के बाजूवाले लूम पे हूँ मैं..." एवढं बोलून तो थांबला. मागचे लूम मात्र थांबले नव्हते. त्यांच्या खडखडाटातच मला काय ते कळलं. सकाळच्या शिफ्टला बाबा आले होते, चहासाठी बाहेरच्या बाकावर बसले आणि ग्लास हातात असतानाच एका बाजूला कलंडले. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. याला आता दीड महिना होऊन गेला.

आमच्या गावी, दिघाशीला, थोडी भातशेती होती, पण घर चालायचं ते यंत्रमागावरच्या, म्हणजे लूमवरच्या, बाबांच्या मजुरीवर. तीस वर्षं ते एसटीने भिवंडीजवळच्या शेलारला जात-येत राहिले. आवाजात राहून कान मंद झाले होते, त्यामुळे ते फारसे बोलत नसत आणि लोक त्यांना अबोल समजत. शुक्रवारी लूमला सुट्टी. बाकीचे कामगार त्या दिवशी झोप काढायचे. बाबा मात्र चहा घेऊन मला उठवायचे, "चल बाय," म्हणायचे आणि आम्ही गावामागच्या ओढ्यावर निघायचो. मी त्यांची एकुलती एक. शाळा बुडायची, त्यावरून आई कुरकुरायची. आळीतल्या बायका विचारायच्या, "पोरीला कशाला रं चिखलात नेतोस?" बाबांना तेव्हा नेमकं ऐकू यायचं नाही.

शिकार म्हणजे आमच्याकडे मासे आणि खेकडे. खेकड्यांना आम्ही चिंबोऱ्या म्हणतो. पागाचं जाळं कसं फेकायचं, गळाला गांडूळ कसं ओवायचं, हे मी इतर पोरांसारखंच शिकले. पण बिळातली चिंबोरी हाताने काढणं ही बाबांची खास विद्या होती. ओढ्याच्या काठी ओणवं बसून ते मला बिळांची तोंडं दाखवायचे. तोंडाशी ताजा, ओला चिखल उकरलेला असला, त्यावर पायांच्या बारीक रेघा असल्या, तर घरधनी आत आहे. तोंड गुळगुळीत, घासल्यासारखं दिसलं तर हात घालायचा नाही. ते सापाचं. हा फरक मला येईपर्यंत एक अख्खा पावसाळा त्यांनी मला नुसतं बघायला लावलं. मी रडकुंडीला यायचे. ते म्हणायचे, "हात घालायची घाई न्हाय. डोळं आधी घाल."

मी नऊ वर्षांची असताना त्यांनी पहिल्यांदा परवानगी दिली. हात बिळाच्या वरच्या अंगाने सरकवत न्यायचा, चिंबोरीच्या पाठीवर तळवा दाबायचा, नांग्या वळवायला तिला जागाच ठेवायची नाही. मी तसंच केलं, पण तळवा जरा आधीच खाली टेकवला. तिने माझ्या अंगठ्याशेजारचं बोट धरलं. मी किंचाळले आणि हात ओढायला लागले. बाबांनी माझं मनगट घट्ट धरलं, हात बाहेर येऊ दिला नाही. "वढू नको. वढलंस तर अजून आवळंल." मग काठाचा चिखल दुसऱ्या हाताने फोडून, बीळ मोकळं करून, त्यांनी माझा हात चिंबोरीसकट ओढ्याच्या पाण्यात धरला. "आता हलू नको. तिला वाटू दे, सुटली." किती वेळ गेला कोण जाणे. मी हुंदके देत होते आणि बाबा माझ्या मनगटाजवळ तोंड आणून, हळूच, चिंबोरीला समजावल्यासारखं काहीतरी पुटपुटत होते. अखेर तिने नांगी उघडली आणि निघून गेली. माझं बोट काळंनिळं पडलं होतं. घरी आई बाबांवर जाम चिडली. पुढच्या शुक्रवारी मी त्यांच्या आधी उठून दारात उभी होते.

सशाची गोष्ट वेगळी. बाबा लहानपणी त्यांच्या वडिलांबरोबर जाळी लावून ससे धरायला जात. मला त्यांनी ते शिकवलं नाही. एका पहाटे मात्र माळावर नेऊन गवतात दडलेला ससा दाखवला. वारा आमच्याकडे येत होता, त्यामुळे त्याला आमचा वास लागला नव्हता. बाबा हातांच्या खुणांनी मला सांगत होते, जाळी इथे, माणूस तिथे, तू इकडून हाकारा देणार... होणारच नाही अशा शिकारीची सगळी मांडणी त्यांनी करून दाखवली. मी विचारलं, मारायचा नाही? "आता कायदा हाय. आन् ससं तरी कुठं उरलंत?" असं म्हणाले, आणि मग, अगदी खरं खरं, "पन लई ग्वाड लागतं, बाय."

मी डी.एड. केलं, भिवंडीत शाळेत लागले आणि भिवंडीतल्याच एका जुन्या घराण्यात माझं लग्न झालं. सासरे निवृत्त मुख्याध्यापक, सासूबाई कडक शाकाहारी. लग्नाला जेमतेम चार महिने झाले असतील. एका दुपारी बेल वाजली. दारात बाबा. पँट गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेली, हातात कापडी पिशवी, आणि पिशवी आतून हलत होती. "मोठ्या हायत," ते म्हणाले. चेहरा एवढा खुललेला मी क्वचित पाहिला होता. आत सासूबाईंच्या मैत्रिणी बसल्या होत्या. मी दार मागे ओढून घेतलं, बाबांना जिन्यातच थांबवलं आणि हळू आवाजात म्हणाले, "बाबा, असं काही इथे आणत जाऊ नका हो." घरी मी बाबांना आयुष्यभर 'तू' म्हणत आले होते. त्या दिवशी पहिल्यांदा, आत ऐकू जाईल म्हणून, 'आणत जाऊ नका' म्हणाले.

"बरं," ते म्हणाले. चहा तरी घ्या, असं मी म्हटलं. "नको. शिफ्ट हाय." आणि पिशवी सांभाळत जिना उतरून गेले. त्या दिवशी शुक्रवार होता. त्यांना शिफ्ट नव्हती, हे मला माहीत होतं. मी हाक मारली नाही.

त्यानंतर ते यायचे, पण पेरू घेऊन, रानातली कंटोळी घेऊन, धुतलेला शर्ट घालून. माझी मुलगी ईशा झाली, मोठी झाली. दिघाशीला गेलो की ती त्यांच्यामागे लागायची, "आजोबा, ओढ्यावर चला ना." बाबा म्हणायचे, "आईला इचार." आणि मी प्रत्येक वेळी काहीतरी कारण काढायचे. कधी सर्दी, कधी नवे कपडे, कधी परीक्षा. खरं कारण मला स्वतःलाही धड सांगता आलं नसतं. शेवटच्या भेटीतही तेच झालं. "परीक्षा झाली की जाऊ," मी म्हणाले. "बरं," बाबा म्हणाले. त्यांनी मला कधीच कशाबद्दल बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं, असं आता वाटतं.

तेराव्यानंतर दोन दिवसांनी सलीमभाई दिघाशीला आले. ओटीवर बसून चहा घेतला. मग म्हणाले, "मॅडम, लड़कियाँ पूछती हैं, अब जुम्मे को किसके साथ जाएँगे?" मला काही उमगेना. तेव्हा त्यांनी सांगितलं. तीन वर्षांपासून पावसाळ्यातल्या शुक्रवारी ते आपल्या दोन मुलींना शेलारहून वज्रेश्वरीच्या एसटीत बसवून द्यायचे. बाबा इकडे दिघाशीच्या थांब्यावर उभे असायचे. ओढा, मासे, चिंबोऱ्या, आमच्या आईच्या हातची भाकरी, आणि दुपारच्या गाडीने परत. "आपको मालूम नहीं था?"

मी आईकडे पाहिलं. "मला ठाव व्हतं," आई म्हणाली. "तुला सांगू नको म्हनले. तुला वाईट वाटंल, म्हनून."

वाईट वाटलंच. खोटं का सांगू, आधी चक्क हेवा वाटला. माझ्या मुलीला जे मिळालं नाही, ते दुसऱ्यांच्या मुली घेऊन बसल्या होत्या. रात्रभर मी त्याच रागात होते. सकाळी उठले तेव्हा राग त्या मुलींवरचा राहिला नव्हता. आमच्या घराचं दार तर मीच ओढून घेतलं होतं... बाबांनी शिकवणं काही थांबवलं नव्हतं.

मागच्या शुक्रवारी सलीमभाईंना कळवून मी रजा टाकली. ईशाला घेऊन थांब्यावर उभी राहिले. एसटीतून सलीमभाईंच्या मुली, रुबीना आणि आफरीन, उतरल्या. एक तेरा वर्षांची, दुसरी दहा. ओळख व्हायला वेळ लागला नाही. ओढ्यावर पोहोचेपर्यंत आफरीनने ईशाला बिळाचं तोंड कसं बघायचं ते सांगूनही टाकलं होतं. मी काठावर उभी राहिले. सोळा वर्षांत मी बिळात हात घातला नव्हता.

रुबीना माझ्याकडे बघत होती. "आप ही संगी हो ना? दादाजी बोलते थे, मेरी संगी हाथ डालते ही बता देती है, अंदर है कि नहीं." तिने एका बिळाकडे बोट दाखवलं. "ये देखो ना."

मी साडीचा पदर खोचला आणि ओणवी झाले. तोंडाशी चिखल होता, पण कडेला वाळायला लागलेला. हात आत घातला. गार, चिकट माती, एका बाजूला मुळांची जाळी. कोपरापर्यंत गेले. आतलं पाणी हलत नव्हतं.

"न्हाय," मी म्हणाले. "ह्यात न्हाय. गेली कवाच."

शाळेत मी असं बोलत नाही. घरीही नाही. ईशा माझ्याकडे बघतच राहिली. रुबीनाने मात्र त्या बिळात स्वतःचा हात घालून पाहिला नाही. मान डोलावली, चप्पल हातात घेतली आणि पाण्यातून पुढच्या बिळाकडे निघाली.