भट्टी निवेपर्यंत

आई गेल्याचा फोन आला तेव्हा मी हिंगोलीच्या कॉलेजातल्या प्रयोगशाळेत भट्टीसमोर उभी होते. आत मँगनीज ऑक्साइड होतं. डोळ्यांना न दिसणाऱ्या त्याच्या बारीक काड्या मला हव्या होत्या, पुन्हा पुन्हा चार्ज होणाऱ्या बॅटरीच्या इलेक्ट्रोडसाठी.

हट्ट्यात, आमच्या गावी, आईची पिठाची गिरणी. मागच्याच महिन्यात तिनं विचारलं होतं, "रोज काय करून राहिलीस तिथं?"

"पावडर. लई बारीक."

"मैद्यापेक्षा?"

"मैद्याचा कण तिच्यापुढं डोंगर."

"मंग चाळतीस कशानं?"

चाळत नाही, ती पाण्यातच वाढते, असं सांगितलं तर कितीतरी वेळ हसत होती.

फोनवर दादा होता. "आई गेली. निघ लगेच."

"हो," म्हणाले आणि भट्टीवरचा आकडा पाहिला. तीनशे दहा अंश. वहीत लिहिला. भट्टी निवेपर्यंत स्टुलावर बसून दर दहा मिनिटांनी आकडा लिहीत राहिले. मग काळी पावडर काढली, वजन केलं, बाटलीला चिठ्ठी लावली, हात धुतले. गावी जाताना वाटेत जवळा बाजारला आठवडी बाजाराच्या गर्दीत बस अडकली. मला घाई वाटली नाही.

दारातच दादा म्हणाला, "काहून उशीर केला?"

"भट्टी चालू होती."

खरं तर ती आपोआप बंद होते, कुणाला बसावं लागत नाही. आईच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी, बुद्धवंदना होऊन माणसं गेल्यावर मी त्याला हे सांगितलं. तो सतरंजी झटकत होता. थांबला.

"तुला फोन केला अन् मी बी गिरणी चालू केली," तो म्हणाला. "एका बाईचं ज्वारीचं दळण राहिलतं. आई घरात, अन् मी दळून राहिलो. कोणाला सांगू नको."

आम्ही दोघांनी सतरंजीची घडी घातली.

परत येऊन त्याच पावडरीचे नाण्याएवढे सेल बांधले. ते कित्येक आठवडे चार्ज होत, उतरत राहिले. क्षमता फारशी घटली नाही. आलेख पाहून सर खूश झाले. "अभिनंदन! घरी कळवलंस का?" सुट्टीच्या अर्जात मी फक्त 'घरगुती काम' लिहिलं होतं.

"कळवते, सर."

बाहेर येऊन दादाला फोन लावला. "सेल टिकले," म्हणाले.

"बरं झालं. जेवलीस का?"

"जेवले."

जेवले नव्हते. भूकही नव्हती.