व्हर्ना कुणाच्या बाजूची?

व्हर्ना क्लोस्टरमन शाळेसमोरच्या चौकात लाल पाटी हातात धरून पोरांना रस्ता ओलांडून द्यायची. त्या चौकात तिचा शब्द शेवटचा. ट्रकवाला असो की पाद्री, तिने पाटी उचलली की थांबायचंच. पण घरी बेसबॉलचा विषय निघाला की तिचं डोकं गरगरायला लागायचं. त्याला कारण तिचा नवरा मिल्ट.

मिल्ट पूर्वी असा नव्हता. साबणाच्या कारखान्यातून निवृत्त होईपर्यंत तो चारचौघांसारखाच होता. टीम जिंकली की खूश, हरली की शिव्या. निवृत्तीनंतर मात्र त्याने आकडे वाचायला सुरुवात केली आणि बघता बघता तो वेगळीच भाषा बोलायला लागला. मी त्यांच्या शेजारचा. उन्हाळ्यात संध्याकाळी त्यांच्या ओसरीवर रेडिओ लागला की मी माझी खुर्ची घेऊन तिकडे जायचो, म्हणून हे सगळं मला ठाऊक.

आमची टीम त्या वर्षी 'पुनर्बांधणी' करत होती. म्हणजे चांगले खेळाडू विकायचे, बदल्यात दुसऱ्यांची कोवळी पोरं घ्यायची, काही वर्षं मार खायचा आणि मग कधीतरी जिंकायचं.

"पुनर्बांधणी म्हणे!" व्हर्ना म्हणायची. "घर पाडून झालं, आता विटा येईपर्यंत अंगणात झोपा."

"तुला नाही कळायचं," मिल्ट म्हणायचा. "आपण जितके खाली जाऊ तितकं चांगलं. तळातल्या टीमला नवीन पोरांमधून आधी निवड करायला मिळते."

"मग हरलो की टाळ्या वाजवायच्या?"

"टाळ्या नाही गं. मनातल्या मनात."

त्याच मार्चमध्ये आमच्या फँटसी लीगमधला एक जण फ्लोरिडाला राहायला गेला आणि एक जागा रिकामी झाली. लीग मी चालवतो. दरवर्षी चर्चच्या तळघरातल्या हॉलमध्ये मिल्ट धरून आम्ही दहा जण जमतो, स्पॅगेटीवर चिली म्हणजे खिम्याचा रस्सा ओतून खातो आणि पाळीपाळीने खरे खेळाडू आपापल्या खोट्या टीमसाठी उचलतो. मग मोसमभर ते खेळाडू मैदानात जे करतील त्याचे गुण आम्हाला. ते कुठल्याही टीमकडून खेळोत, आमच्या हिशेबी ते आमचे. व्हर्नाला मीच गळ घातली.

तिची पाळी आली तेव्हा ती क्षणाचाही विचार न करता म्हणाली, "एलिसेओ पेन्या."

हॉलमध्ये हशा पिकला. पेन्या आमच्याच टीमचा, सेकंड बेसवर खेळणारा. वय चौतीस.

"अगं, तो संपला!" मिल्टने कपाळाला हात लावला. "सगळी तरणीबांड पोरं सोडून हा कुठला म्हातारा उचललास?"

"चौतीस म्हणजे म्हातारा? मग तू कोण रे, इजिप्तची ममी? आणि तो बाद झाला तरी धावत परत जातो. मला तो आवडतो."

गंमत अशी की पेन्या त्या वर्षी उन्हाळाभर सुसाट सुटला. व्हर्नाचे गुण वाढत गेले, टीम मात्र बुडत गेली. आणि जुलैअखेर बातमी आली की पेन्याला विकलं. बदल्यात एकोणीस वर्षांची दोन पोरं, आणि तीही अजून कुठल्याशा खालच्या लीगमध्ये खेळणारी.

रेडिओवर ते ऐकून व्हर्ना वाटाणे सोलता सोलता थांबली. "म्हणजे पेन्या आता आपला नाही?"

"टीमचा नाही. तुझा आहे," मी म्हणालो. "फँटसीत तो तुझ्याकडेच राहणार."

"माझा आहे, पण आपला नाही." तिने ते दोनदा स्वतःशी म्हणून पाहिलं. "ग्लेन, मला हे नीट सांग ना."

मी सांगायला गेलो खरा, पण निम्म्यात मलाच समजेना. मिल्ट तर खुशीत होता. "उत्तम सौदा! ही दोन पोरं पाच वर्षांनी बघ."

"पाच वर्षांनी तू सत्त्याहत्तरचा होशील."

"मग?"

"काही नाही," ती म्हणाली आणि वाटाणे सोलायला लागली.

सप्टेंबरचा शेवटचा रविवार आला. मोसमातला शेवटचा सामना, आमच्याच मैदानावर, आणि समोर पेन्याची नवी टीम. आम्ही तिघं वरच्या स्वस्त बाकांवर शेंगदाणे फोडत बसलो होतो. आमच्या फँटसी लीगमध्ये शेवटी दोघांचाच सामना उरला होता. मिल्ट पहिला आणि त्याच्या मागे अगदी थोडक्यात व्हर्ना. नवरा-बायको दोन दिवस एकमेकांशी मीठ मागण्यापुरतंच बोलत होते.

नवव्या डावात आम्ही एका धावेने पुढे होतो. त्यांचे दोन गडी बाद, तिसरा बाद झाला की सामना संपला; पण दोन पळणारे बेसवर. फलंदाजीला आला एलिसेओ पेन्या.

आता बघा. त्याने फटका मारला तर दोन धावा होणार आणि आम्ही जवळजवळ हरणार. मिल्टला तेच हवं होतं, कारण हरलो तर आम्ही तळातल्या तिघांत, आणि निवडीचा क्रम ज्या सोडतीत चिठ्ठ्या काढून ठरतो तिच्यात पहिल्या नंबरची आमची शक्यता जरा जास्त. पण त्याच फटक्याने व्हर्ना त्याच्या पुढे जाणार होती. आणि व्हर्ना? तिला पेन्या हवा होता, गुण हवे होते, पण समोर आमची टीम होती. सात वर्षांची असताना बापाच्या खांद्यावर बसून तिने पहिल्यांदा पाहिलेली.

"मार!" मिल्ट ओरडला. लगेच, "नको, नको मारूस!"

"बाद कर त्याला!" व्हर्ना किंचाळली आणि तोंडावर हात ठेवला. "अरे देवा, मी काय बोलले?"

पुढच्या बाकावरचा माणूस मागे वळला. "काका, काकू, तुम्ही नक्की कुणाकडून आहात?"

"तू पुढे बघ!" दोघंही एकदम म्हणाले.

पेन्याने चेंडू सणकून मारला. तो सरळ आमच्या फर्स्ट बेसवाल्याच्या हातमोज्यात जाऊन बसला. झेल. आम्ही जिंकलो.

मैदानात विचित्र आवाज झाला. निम्मे लोक ओरडले, निम्मे हळहळले, आणि काही जण ओरडता ओरडता मध्येच थांबले. व्हर्ना दोन्ही हात अर्धवट वर करून उभी राहिली. वर नेईना की खाली आणीना. तिकडे पेन्या मान खाली घालून परत निघाला होता. या खेपेला तो धावला नाही, चालत गेला.

"एलिसेओ!" तिने हाक मारली. इतक्या लांबून त्याला काय ऐकू जाणार? तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ती हसतही होती.

घरी येताना गाडीत मिल्ट म्हणाला, "मी जिंकलो ना? लीग?"

"जिंकलास," मी म्हणालो.

"मग मला असं का वाटतंय?"

"मला विचारू नकोस," व्हर्ना खिडकीबाहेर बघत म्हणाली. "मी तर दोनदा हरले आणि एकदा जिंकले, नाहीतर उलट."

डिसेंबरात सोडत निघाली. तळातल्या तिघांत नसूनही आम्हाला दुसरी निवड मिळाली. मिल्ट आनंदाने उठला आणि तसाच खाली बसला. "हरलो असतो तर पहिली मिळाली असती का?"

"किंवा नववी," मी म्हणालो.

"म्हणजे जिंकल्यामुळे मिळाली?"

"चिठ्ठीच ती, मिल्ट."

कागद-पेन्सिल घेऊन तो संध्याकाळभर बसला. व्हर्नाने दोनदा कॉफी दिली आणि तिसऱ्यांदा कागद उचलून नेला.

पुढच्या जुलैत आमच्या टीमने नेब्रास्काचा एक अठरा वर्षांचा पिचर निवडला, जेरेड हॉफस्टॅड. रेडिओवरचे निम्मे तज्ज्ञ म्हणाले हिरा आहे, निम्मे म्हणाले दगड. मिल्टला राहवेना. ऑगस्टच्या शेवटी आम्ही तिघं तीन तास गाडी हाकत इंडियानातल्या खालच्या लीगच्या एका छोट्या मैदानावर त्याला पाहायला गेलो. कुंपणाला खेटून मक्याचं शेत होतं आणि प्रेक्षक जेमतेम लग्नाच्या पंगतीएवढे.

पोरगा उंच, कान मोठे. त्याने पहिल्या दोघांना असे चेंडू टाकले की फलंदाजांना दिसलेसुद्धा नाहीत. पुढच्या चौघांना त्याने इतके बाहेर टाकले की ते चौघेही फुकटात बेसवर गेले. मग कोच आला आणि त्याला घेऊन गेला.

"कसा वाटला?" व्हर्नाने विचारलं.

मिल्टने टोपी काढून डोकं खाजवलं. आता आकडे सुरू होणार म्हणून मी बाटली बाजूला ठेवली.

"खरं सांगू?" तो म्हणाला. "मला काहीच कळलं नाही."

व्हर्नाने त्याच्याकडे निरखून पाहिलं, मग पिशवीतून सँडविच काढून त्याच्या हातात दिलं. "खा," ती म्हणाली. "पोरगा फार बारीक आहे रे. तिकडे त्याला धड जेवायला घालतात की नाही, कुणास ठाऊक."

आम्ही शेवटपर्यंत थांबलो. कोण जिंकलं ते आता मला आठवत नाही.